आशियाई पदकांचा ताळेबंद

आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाल्या म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांत पंधरा दिवसांपुरता एक नवा नित्यक्रम सुरू होतो. सकाळीं वर्तमानपत्र हातीं पडतांच खेळांचें पान उघडलें जातें आणि सराफकट्ट्यावरील भाव पाहावा त्याप्रमाणें सोन्याचा, रुप्याचा आणि काशाचा आंकडा पाहिला जातो. कालच्यापेक्षां किती वाढ झाली, आपला क्रमांक वर चढला कीं खालीं घसरला, एवढें समजलें म्हणजे पान मिटतें व माणसें आपापल्या कामाला लागतात.

२०२३ सालीं चीनमधील हांगझो येथें जी स्पर्धा भरली, तिच्या वेळीं हा नित्यक्रम विशेष आनंदाचा झाला. सांथीमुळें ही स्पर्धा एक वर्ष लांबली होती, म्हणून तिच्या नांवांत २०२२ हेंच साल राहिलें. ती संपली तेव्हां भारताच्या खात्यावर २८ सुवर्ण, ३८ रौप्य व ४१ कांस्य, मिळून १०७ पदकें जमा होतीं. शंभराची वेस आपण प्रथमच ओलांडली आणि चीन, जपान व दक्षिण कोरिया यांच्या मागोमाग चौथें स्थान मिळविलें. आनंद व्हावा अशीच ही गोष्ट होती. पण व्यवहारी गृहस्थ जमेची रक्कम पाहूनच वही मिटत नाहीं. भांडवल किती, उलाढाल किती आणि ही मिळकत कोणकोणत्या वाटांनीं आली, हेंही तो पाहतो. आज आपल्या पदकांची वही तशा नजरेनें चाळून पाहावी, असा माझा विचार आहे.

या वहीचें पहिलें पान दिल्लीचें आहे. १९५१ च्या मार्च महिन्यांत पहिली आशियाई स्पर्धा तेथें भरली. ती भरावी म्हणून ज्यांनीं सर्वांत अधिक खटपट केली, ते प्रोफेसर गुरुदत्त सोंधी आपल्या इकडीलच. अकरा देशांतील ४८९ खेळाडू जमले होते. भारतानें १५ सुवर्ण, १६ रौप्य आणि २० कांस्य, एकूण ५१ पदकें जिंकलीं आणि जपानच्या खालोखाल दुसरा क्रमांक पटकाविला. शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतींत सचिन नाग यांनीं भारताला पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. शंभर आणि दोनशें मीटर धांवण्याच्या दोन्ही शर्यती लेव्ही पिंटो यांनीं जिंकल्या. फुटबॉलच्या अंतिम सामन्यांत आपण इराणला एक गोलानें हरविलें.

आतां थोडें अंकगणित करूं. दिल्लीस एकंदर ५७ सुवर्णपदकें वाटली गेलीं. त्यांतलीं १५ आपलीं. म्हणजे शंभरांतील सव्वीस आपल्या घरीं आलीं. हांगझो येथें ४८१ स्पर्धाप्रकार होते. त्यांत आपलीं सुवर्णपदकें २८. हा वांटा शंभरांत सहाहूनही थोडा कमी भरतो. पदकें दुपटीहून अधिक झालीं, वांटा मात्र चतुर्थांशाहून कमी झाला. दोन्ही विधानें तितकींच खरीं आहेत. आणि यांपैकीं एकच सांगणारा मनुष्य, मग तो ढोल वाजविणारा असो कीं सुस्कारे टाकणारा असो, अर्धीच वही वाचीत असतो.

वांटा घटला म्हणून आपण मागें पडलों, असें म्हणणेंही घाईचें होईल. दिल्लीस कोण आले होते याबरोबरच कोण आले नव्हते, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. कोरिया युद्धाच्या वणव्यांत होरपळत होता. पाकिस्तान आला नव्हता. चीनचा संघ नव्हता. त्यानें या स्पर्धांत पहिलें पाऊल टाकलें तें १९७४ सालीं तेहरानला. पुढें १९८२ सालीं दिल्लीसच दुसऱ्यांदा स्पर्धा भरली, तेव्हां ६१ सुवर्णपदकें घेऊन त्यानें जपानला मागें टाकलें आणि तेव्हांपासून आजतागायत पहिला क्रमांक सोडलेला नाहीं. तात्पर्य, १९५१ चें आपलें दुसरें स्थान कांहीं अंशीं आपल्या गुणांचें, तर कांहीं अंशीं इतरांच्या अनुपस्थितीचें होतें. भरल्या मैदानांतील चौथें स्थान विरळ मैदानांतील दुसऱ्या स्थानाहून हलकें समजण्याचें कारण नाहीं.

मग प्रगति मोजावी कशानें? माझ्या मतें आणखी एक कसोटी अधिक विश्वासार्ह आहे. यश किती खांबांवर उभें आहे, तें पाहावें. १९८६ सालीं सेऊल येथें भारतानें पांच सुवर्णपदकें मिळविलीं. त्यांतलीं तीन पी. टी. उषा यांनीं एकट्यानें जिंकलीं आणि चौथें ज्या रिले संघानें आणलें त्यांतही त्या होत्याच. पांचवें कुस्तींत कर्तारसिंग यांचें. त्या आठवड्यांत उषाबाईंचा पाय मुरगळला असता, तर ऐंशी कोटींच्या आसपास लोकवस्तीचा हा देश जवळजवळ रिकाम्या हातांनीं परतला असता! चार वर्षांनीं बीजिंगला नेमकें तेंच दिसून आलें. तेथें सुवर्णपदक मिळालें तें एकच, आणि तें कबड्डीचें. या खेळाचा त्या स्पर्धांत अधिकृत प्रवेशही त्याच वर्षीं झाला होता. आपल्या अंगणांतला हुतुतू त्या वेळीं मदतीला धांवला नसता, तर सुवर्णाचा रकाना कोराच राहिला असता.

हांगझोची वही या कसोटीला लावून पाहा. २८ सुवर्णपदकांपैकीं सात नेमबाजीचीं, सहा मैदानी शर्यती व फेकीचीं, पांच तिरंदाजीचीं. कबड्डी, क्रिकेट व स्क्वॉश यांत प्रत्येकीं दोन. आणि हॉकी, बॅडमिंटन, टेनिस व अश्वारोहण यांत एकेक. एकंदर दहा खेळ झाले. एखादा मोहरा आजारी पडला तरी डाव मोडणार नाहीं, अशी ही मांडणी आहे. १०७ या आंकड्यापेक्षां मला हा दहाचा आंकडा अधिक मोलाचा वाटतो.

तथापि मिळविलेलें स्थान वतनासारखें वंशपरंपरा चालत नाहीं, हेंही याच वहींत लिहिलेलें आहे. ऑलिंपिकमधील हॉकींत १९२८ पासून १९५६ पर्यंत सुवर्णपदक भारताबाहेर गेलें नव्हतें. आशियाई स्पर्धांत हॉकी आली ती १९५८ सालीं टोकियोला. पाकिस्तानशीं सामना बरोबरींत सुटला आणि गोलांच्या सरासरीवर सुवर्णपदक त्यांच्याकडे गेलें. त्यानंतर पुरुषांच्या संघानें तें पदक १९६६, १९९८, २०१४ आणि हांगझो, असें चार वेळांच आणलें. १९६६ नंतर दुसऱ्या पदकासाठीं तर बत्तीस वर्षें वाट पाहावी लागली. कबड्डीचीही गोष्ट तशीच. बीजिंगपासून सलग सात स्पर्धांत आपल्या पुरुष संघाला कोणी हरविलें नव्हतें. २०१८ सालीं जकार्ता येथें इराणनें उपांत्य सामन्यांतच आपणांस थोपविलें. महिलांच्या अंतिम सामन्यांतही इराणच विजयी झाला. हांगझोला दोन्ही पदकें परत आलीं खरीं, पण पुरुषांचा विजय चार गुणांचा आणि महिलांचा एका गुणाचा. आपला खेळ दुसऱ्यांनीं शिकावा यांत वाईट वाटण्याजोगें कांहीं नाहीं. शिष्य तयार झाला म्हणजे गुरूनें अभ्यास सोडूं नये, एवढेंच.

आतां वहीचें जें पान आपण सहसा उलटीत नाहीं, त्याकडे वळूं. हें पान जलतरणाचें. सचिन नाग यांचें १९५१ चें तें सुवर्णपदक पोहण्याच्या शर्यतींतील आपलें आजवरचें एकमेव सुवर्णपदक आहे. १९८६ सालीं खजानसिंग यांना रौप्यपदक मिळालें. त्यानंतरचें पदक चोवीस वर्षांनीं, २०१० सालीं, कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनीं आणलें, तें कांस्य होतें. हांगझोच्या तलावांत ४१ शर्यतींचीं सुवर्णपदकें होतीं. त्यांतलीं २८ एकट्या चीननें नेलीं. हा आंकडा आपल्या ओळखीचा वाटतो ना? सर्व खेळांत मिळून आपण जेवढें सोनें आणलें, तेवढें चीननें एका तलावांतून उपसलें. आपल्या वांट्यास तेथें कांस्यही आलें नाहीं. समुद्र, नद्या आणि विहिरी यांची आपल्याकडे उणीव नाहीं. उणीव आहे ती बारमाही तलावांची, लहान वयांत हात धरून शिकविणाऱ्यांची आणि मुलाच्या दिवसांतील त्या दोन-तीन तासांची.

जेथें हीं साधनें हाताशीं आलीं, तेथें काय घडतें याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. साताऱ्याची अदिति स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही तिरंदाज. २०२३ च्या ऑगस्टांत बर्लिन येथें दोघेही जगज्जेते झाले, तेव्हां अदिति सतरा वर्षांची होती. हांगझोला ओजसनें तीन सुवर्णपदकें घेतलीं आणि अदिति सुवर्ण जिंकणाऱ्या संघांत होती. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे लहानपणीं कित्येक किलोमीटर तुडवीत शाळेंत जात. पुढें ते सैन्यांत भरती झाले आणि तेथें गेल्यावरच त्यांच्या पायांतील गुण कोणाच्या तरी नजरेस पडला. हांगझोला तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत त्यांनीं ८ मिनिटें १९.५० सेकंदांत जिंकली. मेरठ जिल्ह्यांतील खेड्यांतून आलेल्या अन्नू राणी आणि पारुल चौधरी यांनीं भालाफेकींत व पांच हजार मीटर धांवण्यांत सुवर्णपदकें मिळविलीं. मैदानी प्रकारांतील सहांपैकीं दोन सुवर्णपदकें एका जिल्ह्यांतल्या दोन मुलींचीं!

या हकीकती ऐकून आपण जिद्दीचें कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. पण साबळे सैन्यांत गेले नसते तर? मांडव्यासारखीं गांवें या महाराष्ट्रांत हजारोंनीं आहेत, आणि शाळेपर्यंत पायपीट करणारीं मुलेंही कमी नाहींत. त्यांतील एकाच्या वाटेवर पारखी माणूस भेटला. उरलेल्यांचें काय झालें तें कोणत्याही तक्त्यांत लिहिलेलें नसतें. म्हणून पदकांचा तक्ता हा देशाच्या शक्तीचा तक्ता आहे असें मला म्हणवत नाहीं. देशांतील ज्यांना संधि मिळाली, त्यांच्या शक्तीचा तो तक्ता आहे. हांगझोला पांचव्या स्थानीं उझबेकिस्तान होता, सुवर्णपदकें २२. त्या देशाची वस्ती साडेतीन कोटींच्या घरांत, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तेथील मुलें आपल्या मुलांहून उपजत बळकट असतात, असें कोणी म्हणणार नाहीं. तेथें संधि अधिक मुलांपर्यंत पोहोंचते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

ही संधि कांहीं अंशीं सरकारच्या हातीं आहे, कांहीं अंशीं शाळांच्या. पण तिचा एक हिस्सा आपणां ऐकणाऱ्यांच्या घरांतही आहे. परीक्षेचें वर्ष आलें कीं सर्वांत आधीं ज्याच्यावर गदा येते, तो मुलांचा खेळण्याचा तास होय. शाळेच्या पटांगणावर नवी इमारत उभी राहते, तेव्हां खोल्या किती वाढल्या हें पालक आवर्जून विचारतात. मैदान किती उरलें, हें विचारणारे थोडे. मुलीच्या बाबतींत तर खेळ लवकरच सुटतो. आशियाई स्पर्धेंत वैयक्तिक सुवर्णपदक पटकाविणारी पहिली भारतीय स्त्री, कमलजीत संधू, आपणांस १९७० सालीं दिसली. नेमबाजींतील पहिली, कोल्हापूरच्या राही सरनोबत, २०१८ सालीं. या दोन सालांमधील अंतर भरून काढण्यास कित्येक मुली समर्थ होत्या. त्यांना मैदानावर जाऊं देणारीं घरें तेवढीं नव्हतीं.

प्रत्येक मुलाला पदक मिळेल असें नाहीं, मिळावें असेंही नाहीं. हजारों मुलें मैदानावर घाम गाळतात तेव्हां त्यांतून एखादा साबळे निघतो; उरलेल्यांना निरोगी शरीर आणि हार पचविण्याची संवय लाभते, आणि हा लाभ कांहीं लहान नव्हे.

तेव्हां श्रोतेहो, पुन्हां आशियाई स्पर्धा भरतील आणि सकाळीं तक्ता आपल्यापुढें येईल, त्या वेळीं बेरीज अवश्य पाहा. पण तिच्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहा. एकंदर किती पदकांत आपलीं इतकीं? तीं किती खेळांत मिळालीं? आणि जिंकणारीं मुलें कोणत्या गांवांहून, कोणत्या घरांतून आलीं? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत जितकीं नवीं नांवें येतील, तितकी आपली वही खरोखर भरत चालली आहे असें समजावें.