परीस, मूस आणि मन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'अध्यात्म आणि विज्ञान' या विषयावर मी बोलावे असे चालक भगिनींनी सुचविले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण ते सातवीलाच का थांबले याचा या विषयाशी संबंध आहे, म्हणून आज उभी राहिले. सांगणार आहे त्यातले काही वाचनालयातल्या पुस्तकांत वाचले. इंग्रजीतले जे होते ते माझ्या मुलाने, मी पोळ्या लाटीत असताना, शेजारी बसून मराठीत सांगितले. तो रसायनशास्त्र शिकतो.

१९९२ सालची गोष्ट. आमच्या गावी एक बुवा आले. देवळात उतरले, कीर्तनही बरे करीत. त्यांनी वडिलांसमोर मुशीत थोडा पारा आणि तांब्याचा तुकडा घालून, वर कोळसे रचून, सोन्याचा एक बारीक मणी काढून दाखविला. सोनाराने कसाला लावून पाहिला, सोने अस्सल. मग बुवा म्हणाले, धान्याला बी लागते तसे सोन्यालाही बीज लागते. आईची पाच तोळ्यांची पुतळ्यांची माळ मुशीत गेली. रात्रभर जप झाला. सकाळी मुशीत राख होती. बुवा डोळे मिटून म्हणाले, "या घरात कोणाचे तरी मन अशुद्ध आहे." दुपारच्या गाडीने ते गेले. पुढची शाळा तालुक्याला होती, तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च आता शक्य नव्हता. मी घरी बसले. पण त्याहून वाईट गोष्ट अशी, की अशुद्ध मन आपलेच असे आईने धरून घेतले, आणि तसेच मनात ठेवून जगली.

आता मी तुम्हाला दूर युरोपात नेते, कारण असले बुवा तिथेही होते आणि खरे साधकही होते. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या, म्हणजे किमया, तिथे कित्येक शतके चालली. तिच्या आद्य जाणकारांत एक बाई होती. मेरी तिचे नाव, धर्माने यहुदी, राहणार इजिप्तची. तिचे लिखाण आज उरलेले नाही. इसवी सन ३०० च्या सुमारास झोसिमॉस नावाच्या किमयागाराने तिची वचने उतरून ठेवली तेवढीच. पण उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून हळू आच द्यायची रीत युरोपात तिच्याच नावाने ओळखली जाते. फ्रेंच लोक त्याला 'मेरीचे स्नान' म्हणतात. केकासाठी चॉकलेट वितळवताना आपण हेच करतो. इतक्या जुन्या बाईची आठवण स्वयंपाकघरात टिकून राहिली, याचा मला फार आनंद झाला.

पुढे ही विद्या अरबांकडून ख्रिस्ती देशांत गेली आणि तिला ख्रिस्ती श्रद्धेचा रंग चढला. आपल्या मंडळातील एका ख्रिस्ती भगिनीने ईस्टरच्या दिवशी मला समजावून सांगितले होते, की प्रभू क्रूसावर मरण पावले, तिसऱ्या दिवशी उठले, आणि तसेच शेवटच्या दिवशी सर्व मेलेले उठतील. किमयागाराला हेच मुशीत दिसे. धातू आधी जळून काळा पडतो, म्हणजे मरतो, मग पांढरा होतो, मग लाल तेजस्वी होऊन उठतो. त्यांच्या परिसाला कित्येकांनी ख्रिस्ताचीच उपमा दिली. सुधारक मार्टिन लूथर यालाही ही विद्या आवडे, ती त्यातल्या पुनरुत्थानाच्या रूपकासाठी. १५९५ साली जर्मनीत हाइनरिख खूनराथ याने छापलेले एक चित्र मुलाने मला दाखविले. एकच मोठी खोली. एका बाजूला भट्टी आणि बरण्या, दुसऱ्या बाजूला प्रार्थनेचा तंबू, त्यापुढे गुडघे टेकलेला माणूस, मधल्या मेजावर वाद्ये. देवघर आणि कारखाना एकाच छपराखाली! मला ते चित्र आवडले, खोटे कशाला बोलू.

मात्र त्यातच फसवणुकीची फट होती. ज्याचे मन शुद्ध त्यालाच देव यश देतो, अशी त्यांची समजूत. मग यश आले नाही तर? दोष मुशीचा नाही, कृतीचा नाही, गुरूचा तर नाहीच. दोष तुझा. १३१७ साली पोप बाविसावे जॉन यांनी खोटे सोने विकणाऱ्या किमयागारांविरुद्ध फर्मान काढले. त्याच शतकाच्या अखेरीस चॉसर नावाच्या इंग्रज कवीने एक कथा रचली. तीत एक ठक पोकळ कोळशात चांदीचा चुरा भरून मेणाने बंद करतो आणि एका पाद्र्याला लुबाडतो. मुलाने हे सांगितले तेव्हा लाटणे माझ्या हातातच राहिले. आमच्या बुवांचेही कोळसे त्यांच्या स्वतःच्या झोळीतले होते.

या सगळ्यात मला जवळचा वाटला तो रॉबर्ट बॉइल. जन्म १६२७, आयर्लंडचा. हवेच्या दाबाचा नियम शाळेत शिकवतात तो त्याचा. लंडनमध्ये हा अविवाहित माणूस १६६८ पासून आपल्या थोरल्या बहिणीच्या, कॅथरीनच्या घरी राहिला आणि प्रयोगशाळाही तिच्याच घरात थाटली. त्या धुराबद्दल आणि वासाबद्दल कॅथरीनबाईंना काय वाटत असेल, हे पुस्तकांत लिहिलेले नाही! त्याही मोठ्या विदुषी, औषधांच्या कृती जमवीत. १६९१ च्या डिसेंबरात त्या वारल्या आणि आठवड्याभरात भाऊही गेला.

बॉइल परम श्रद्धावान ख्रिस्ती. आयरिश भाषेत बायबल छापण्यास त्याने पैसा दिला. सृष्टी हे देवाचे मंदिर आणि तिचा अभ्यासक हा त्यातला पुजारी, असे तो मानी. परिसावरही त्याचा विश्वास होता. १६७८ च्या सुमारास एका फ्रेंच माणसाने गुप्त मंडळीत घेतो म्हणून त्याच्याकडून भेटवस्तू उकळल्या. एवढा मोठा माणूस फसला, हे वाचून मला वडिलांवरचा राग थोडा आवरता आला. आपल्या किमयेच्या कृती तो सांकेतिक लिपीत लपवूनही ठेवी, तेव्हा तो काही सर्वस्वी आदर्श नव्हे. पण १६६१ साली त्याने एक गोष्ट केली. फसलेल्या प्रयोगांवर दोन निबंध लिहून छापले. प्रयोग का फसतो? दुकानातून आणलेले द्रव्य भेसळीचे असते, एका खाणीची माती दुसरीसारखी नसते. म्हणजे अशुद्धता शोधायची ती द्रव्यात! प्रयोग करणाऱ्याच्या हृदयात नव्हे. भगिनींनो, देवावर ज्याचा एवढा भाव, त्याने हे लिहिले. आपले लोणचे नासले तर आपण मीठ, बरणी, ओला चमचा पाहतो की नाही? आणि तरी आपल्यातही कोणी म्हणतेच, अमकीचा हात लागला म्हणून नासले.

न्यूटनची कथा थोडक्यात सांगते. किमयेवर त्याने सुमारे दहा लाख शब्द लिहिले आणि जवळजवळ सारे घरातच ठेवले. १९३६ साली लंडनला ते कागद लिलावात निघाले तेव्हा लोक थक्क झाले. गुरुत्वाकर्षण शोधणारा माणूस रात्र रात्र भट्टीशी बसे, आणि बायबलातील भाकितांचे अर्थ लावी. त्याला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या.

मग सोने झाले का? झाले. अणूच्या गाभ्यात शिशाला ८२ प्रोटॉन, सोन्याला ७९. भट्टीची आच अणूच्या अंगणापर्यंत पोचते, गाभाऱ्यात शिरत नाही, म्हणून कोळशावर हे कधीच साधायचे नव्हते. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत अतिवेगवान शिशाचे अणुगर्भ एकमेकांच्या अगदी जवळून गेले तेव्हा काहींचे तीन प्रोटॉन निसटले आणि सोन्याचे अणुगर्भ तयार झाले. २०२५ साली त्यांनी हिशेब जाहीर केला. २०१५ ते २०१८ या काळात मिळून २९ पिकोग्रॅम. ग्रॅमचे लाख कोटी भाग करा, त्यातले २९. तेही क्षणात विरून गेले. आणि तिथे कोणाचे मन शुद्ध होते की नाही, हे कोणी विचारले नाही.

परिसाची आपली कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला, आणि तो कांगावा करू लागला तेव्हा वाळवंटातले खडे ओंजळभर काढून दाखविले, तो सारेच परीस. लहानपणी मला वाटे, एक तरी ठेवून घ्यायचा होता. आता नामदेवांचे म्हणणे थोडे कळते. मनाची शुद्धी हवीच, तिच्यासाठीच तर आपण देवापुढे बसतो. पण ती सोन्याच्या हिशेबात आणली की बुवाचे फावते. आमचा मुलगा देवाला हात जोडत नाही, म्हणून घरात पूर्वी खूप वाद झाले. अलीकडे मी ते सोडून दिले आहे. प्रयोग फसला तर तो वहीत 'फसला' असेच लिहितो, हे मी पाहिले आहे.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा पोकळ कोळशाची गोष्ट आईला सांगितली. ती निवडत असलेले तांदूळ तसेच ठेवून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्री जपात माझा डोळा लागला होता, त्याने काही झाले नव्हते?"

मी म्हटले, "नाही गं आई."

"तुझ्या वडिलांना मी हे कधी सांगितलेच नाही," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा पुढे ओढले.