गोल घुमटाचा उभा छेद



कमांडर रॉबर्ट एलियट या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने प्रवासात काढलेली कच्ची चित्रं लंडनच्या कलाकारांनी पक्की केली आणि 1830 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती छापून निघाली. त्यांत विजापूरचा गोल घुमटही आहे, म्हणजे 1656 साली वारलेल्या महंमद आदिलशाहाची कबर. चित्र देखणं आहे. पण एवढा घुमट पेलला कसा, ते त्यातून उमगत नाही.

त्यासाठी उभा छेद लागतो. इमारत मधोमध चिरली तर आत जे दिसेल, ते कागदावर मांडायचं. कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या देवळाचंच बघा ना. गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरल्याशिवाय दर्शन नाही. रस्त्यावर बसून कितीही सुरेख चित्र काढलं, तरी खरं देऊळ त्यात यायचंच नाही.

गोल घुमटाचा असा छेद काढला गेला तो साताऱ्याच्या ब्रिटिश रेसिडेंटामुळे. 1818 नंतर विजापूर सातारा संस्थानाकडे होतं. तिथले रेसिडेंट बार्टल फ्रियर यांच्या देखरेखीखाली कॅप्टन हार्ट, ए. कमिंग आणि देशी नकाशेकारांनी इमारती मोजून काढल्या. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी संपादित केलेला या रेखाटनांचा ग्रंथ 1859 साली लंडनला प्रसिद्ध झाला.

छेद पाहिला की कोडं सुटतं. खाली 135 फूट बाजूचं चौरस दालन. सुमारे 57 फूट उंचीवर एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आत झुकू लागतात आणि वर 97 फूट व्यासाचं वर्तुळ उरतं. घुमटाचा आतला व्यास मात्र 124 फूट! म्हणजे घुमट त्या कड्यावर टेकलेला नाही, तो मागे सरकून बसलाय. मधल्या रुंद सज्जात आज लोक कुजबुज ऐकत फिरतात. घुमटाचा रेटा भिंती बाहेर ढकलू पाहतो, तर कमानींचं आत लोंबणारं वजन त्यांना आत ओढून धरतं. फर्ग्युसन यांनी हा तोल मनापासून वाखाणलाय, आणि तो वाखाणण्याजोगाच आहे.

हार्ट आणि कमिंग यांची नावं 1859 च्या ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर आहेत. त्यांच्या साथीदारांची ओळख मात्र 'देशी नकाशेकार' एवढीच. तीच रेखाटनं 1866 साली छायाचित्रांसह पुन्हा छापली गेली, मेडोज टेलर यांनी त्यांना इतिहासाची जोड दिली, आणि तेव्हाही शीर्षकपृष्ठावर तेच दोन शब्द राहिले. कमानींच्या रेघा जुळवायला ज्यांचे हात लागले, त्यांची नावं तिथे असायलाच हवी होती.