चोरी आणि गहाळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवासी वसाहतींतील गुन्हेगारी आणि नागरिकांची सुरक्षितता हा विषय आपण मला दिलात. अर्थशास्त्राचा मास्तर आकडे घेऊन येईल अशी आपली अपेक्षा असणार. आकडे मी आणले आहेत. पण त्यांवर फार विसंबू नका, हे सांगण्यासाठीच.

गुन्ह्यांचा दर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे पोलिसांनी नोंदवलेले दखलपात्र गुन्हे. यातील ‘नोंदवलेले’ हा शब्द वर्तमानपत्रांत सहसा गळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१९ साली हा दर ३८५.५ होता, तो २०२० साली ४८७.८ झाला. एका वर्षात देश एवढा बिघडला काय? टाळेबंदीच्या त्या वर्षी चोऱ्या व घरफोड्या उलट कमी झाल्या होत्या. वाढले होते ते सरकारी आदेश मोडल्याचे, कलम १८८ खालील गुन्हे. सुमारे २९ हजारांवरून ते सहा लाखांच्या वर गेले. आणखी एक उदाहरण घ्या. केरळचा दर बिहारच्या कितीतरी वर असतो. म्हणून बिहारमध्ये राहणे अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. केरळात सामान्य माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढू शकतो आणि त्याची फिर्याद लिहून घेतली जाते, याचाही तो आकडा आहे. नोंद टाळण्याची ही खोड नवी नव्हे. जनता राजवटीत, १९७७ साली, नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने तिच्यावर स्पष्ट बोट ठेवले होते.

आता आमच्या वसाहतीची हकीकत सांगतो. तीत माझाही दोष आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका वृद्ध बाईंच्या गळ्यातील सोनसाखळी हिसकावली गेली. पोलीस तासाभरात आले, पंचनामा झाला, गुन्हा नोंदला गेला. आठ दिवसांत सर्वसाधारण सभा भरली. कॅमेरे बसवावेत, रात्रीचा दुसरा पहारेकरी नेमावा, घरकामाच्या बायकांना छायाचित्राची ओळखपत्रे द्यावीत आणि मागच्या वस्तीकडे उघडणारे छोटे फाटक कायमचे बंद करावे, असे ठराव झाले. चोर वस्तीतून आला याला पुरावा काहीच नव्हता. तरीही हात वर करणाऱ्यांत मी होतो. चाळीस वर्षे समतेवर व्याख्याने देऊनही भीतीपुढे माणूस कसा वागतो, याचा तो धडा होता.

त्या फाटकातून आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई पाच मिनिटांत घरी पोहोचत. फाटक बंद झाल्यावर त्यांना नाल्याच्या कडेने वळसा घालावा लागे. तिथे दिवा नाही. दोन महिन्यांनी, पगाराच्याच दिवशी, त्या वाटेवर दोघा पोरांनी त्यांची पिशवी हिसकावली. तीत चार घरांचा पगार आणि मोबाइल होता. त्या ठाण्यात गेल्या. अंमलदार म्हणाला, “पडला असेल कुठंतरी तुझा मोबाइल, आठवून बघ.” त्यांच्या हाती जो कागद पडला त्यावर शब्द होता ‘गहाळ’. पगाराचा उल्लेखही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. मला खुर्ची मिळाली, चहा आला, अर्ध्या तासात गुन्हा नोंदला गेला. बाई उभ्याच होत्या. मी उठून त्यांना बसायला सांगितले तर त्याच संकोचल्या. मी गेलो नसतो तर त्या वर्षीच्या हिशेबात आमच्या गल्लीत एक चोरी झाली असती, आणि नाल्याकाठी एकही नाही. नकाशावर ती वाट सुरक्षित ठरली असती.

ही गोष्ट एका पाकिटापुरती असती तर मी आपला वेळ घेतला नसता. नागपूरच्या कस्तुरबानगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे खंडणी, मारहाण आणि बलात्कार यांची दहशत बसवली होती. तक्रार केली की ती त्याच्याच कानी जाते, असे वस्तीतील स्त्रियांचे म्हणणे होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणले असता जमावाने तिथेच त्याला ठार केले. त्या जमावात वस्तीतल्या स्त्रियाच पुढे होत्या. पुढे २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या कृत्याचे गोडवे गाणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. न्यायालयाच्या दालनात जमावाने माणूस मारणे हा न्याय नव्हे. पण ज्यांच्यापुढे फिर्यादीची वही वर्षानुवर्षे मिटलेली राहिली, त्यांना कायद्याचा धीर शिकवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

आता थोडे अर्थशास्त्र. रस्त्यावरचा दिवा एकाला उजेड देतो म्हणून दुसऱ्याचा उजेड कमी होत नाही. सुरक्षितता मूलतः अशीच सार्वजनिक वस्तू आहे. तिला भिंत, कॅमेरा आणि पहारेकरी यांच्या रूपाने विकत घेतले की ती खाजगी होते, आणि धोका नाहीसा न होता शेजाऱ्याच्या दारी सरकतो. आमचा पहारेकरी बारा तास आमची दारे राखतो आणि त्याच अंधाऱ्या वाटेने घरी जातो. वस्तीतल्या मुली रात्री सार्वजनिक शौचालयात एकट्या जात नाहीत, आईला उठवतात. हे भय कोणत्याही अहवालाच्या रकान्यात नसते, कारण तिथे अजून गुन्हा घडलेला नाही.

कार्यकर्त्यांनी करण्यासारखे यात पुष्कळ आहे, आणि त्याला मोर्चाच लागतो असे नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून फिर्याद परतवता येत नाही, नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी लागते, आणि नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. नव्या न्याय संहितेत हिसकावून नेणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा ‘गहाळ’ असे लिहिलेला कागद हाती ठेवला तर तो घेऊन परत फिरू नका. दर वस्तीत दोघे-तिघे असे हवेत, की जे रात्री अकरालाही फिर्यादीबरोबर ठाण्यात जातील. आकडा त्यामुळे वाढेल. नगरसेवक कुरकुर करतील, वर्तमानपत्रे गुन्हेगारी वाढल्याचे मथळे देतील. ते होऊ द्यावे.

नाल्याकाठी दिवा लावावा म्हणून आम्ही महापालिकेकडे तीन अर्ज केले. खांब आला आहे, दिवा यायचा आहे. बाईंचे पैसे मिळाले नाहीत. फाटक अजून बंदच आहे. ते उघडण्याचा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.