रानातील शर्यत आणि पाचवा धावपटू



शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या म्हणजे खेड्यातील बहुतेक शाळांत एकच क्रम चालतो. मुलांना दोन-चार वेळा पळवून पाहावयाचे, सर्वांत वेगाने पळणारा एक मुलगा व एक मुलगी निवडावयाची आणि त्यांना केंद्राच्या किंवा तालुक्याच्या स्पर्धेस पाठवावयाचे. उरलेली पन्नास-साठ मुले टाळ्या वाजविण्याकरिता कुंपणापाशी बसतात. मैदान लहान, वेळ थोडा आणि शिक्षक एक किंवा दोन, अशा स्थितीत यात कोणाचा दोष काढणे अन्यायाचे होईल. तथापि खेळांच्या इतिहासात एक शर्यत अशी आहे की, जिला मैदान लागतच नाही आणि जिच्यात पहिला आलेला मुलगा एकटा आपल्या शाळेस विजय मिळवून देऊ शकत नाही. तिला क्रॉस-कंट्री असे म्हणतात. शेते, बांध, ओढे, टेकाडे ओलांडीत रानातून धावावयाची ही शर्यत शाळेतील मुलांनीच जन्मास घातली, म्हणून तिची हकीकत शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

या शर्यतीचा उगम इंग्लंडातील वसतिशाळांत झाला. श्रूजबरी येथील शाळेत मुलांच्या अशा धावण्याच्या लेखी नोंदी १८३१ सालापासून आढळतात. त्या काळी तेथील जमीनदार घोड्यावर बसून, कुत्री सोडून कोल्ह्याची शिकार करीत. मुलांजवळ ना घोडे ना कुत्री. तेव्हा त्यांनी स्वतःच कुत्री व्हावयाचे ठरविले! एक-दोन मुले कोल्हा किंवा ससा होऊन आधी निघत, वाटेत कागदाचे कपटे टाकीत जात, आणि बाकीची टोळी त्या खुणा हुडकीत, चिखल तुडवीत मागे धावे. श्रूजबरीच्या धावण्याच्या मंडळास अद्यापही ‘शिकार’ हेच नाव आहे आणि त्याच्या कप्तानास शिकारप्रमुख म्हणतात.

रग्बी येथील शाळेतही हा खेळ रुजला. तेथील ‘क्रिक’ नावाची लांब पल्ल्याची शर्यत १८३० नंतरच्या दशकात सुरू झाली. टॉमस ह्यूज यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत सशामागे धावण्याचे जे वर्णन आहे, त्यात एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. कथेतील टॉम व त्याचे दोन सोबती शर्यत जिंकीत नाहीत. ते मागे पडतात, वाट चुकतात आणि चिखलाने माखून, शाळेची दारे बंद झाल्यावर परततात. त्यांना मुख्याध्यापकांपुढे उभे केले जाते. कादंबरीतील हे मुख्याध्यापक म्हणजे रग्बीचे प्रसिद्ध डॉ. टॉमस आर्नल्ड. शिक्षेच्या भीतीने उभ्या असलेल्या त्या मुलांना काही लागले तर नाही ना, एवढीच चौकशी डॉक्टर करतात आणि त्यांना प्रेमाने आत पाठवितात. मागे राहिलेल्या मुलाची विचारपूस झाली, म्हणूनच तो प्रसंग वाचकांच्या मनात राहिला असावा.

पुढे शाळा सोडून गेलेल्या तरुणांनी हा छंद शहरात नेला. १८६८ साली लंडनजवळ टेम्स हेअर अँड हाउंड्स हे मंडळ निघाले. मूळ हेतू असा की, नावा वल्हविणाऱ्यांना हिवाळ्यात काही व्यायाम घडावा. १८७६ साली एपिंगच्या जंगलात इंग्लंडचे पहिले अजिंक्यपद ठरविण्याचा घाट घातला गेला, परंतु सर्वच धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्द धरावी लागली. खरी सुरुवात १८७७ साली झाली. वाटेवर खुणा नीट नसतील तर मोठमोठ्या मंडळांचीही अशी फजिती होते, असो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८८० साली आपल्या धावपटूंना शरद ऋतूतील सराव म्हणून ही शर्यत सुरू केली आणि तेथून ती हळूहळू माध्यमिक शाळांत उतरली. स्त्रियांना मात्र फार काळ तिष्ठावे लागले. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत स्त्रियांची शर्यत १९६७ साली प्रथम अधिकृतपणे समाविष्ट झाली. १९७३ साली बेल्जममधील वारेगेम येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा पुरुषांबरोबर स्त्रियाही धावल्या. अमेरिकेत माध्यमिक शाळांतील मुलांसाठी वैयक्तिक राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा १९७९ साली निघाली, आणि तिच्यात पहिल्या वर्षापासूनच मुले व मुली या दोघांनाही स्थान होते.

आता या शर्यतीच्या गुणमोजणीकडे वळू, कारण तिचे मर्म तेथेच आहे. प्रत्येक शाळेची साधारणतः सात मुले धावतात. सर्व शाळांची सर्व मुले एकाच वेळी सुटतात. पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, तिसाव्यास तीस, असा क्रमांक हाच गुण. प्रत्येक शाळेच्या पहिल्या पाच मुलांच्या गुणांची बेरीज करावयाची आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती शाळा विजयी. समजा, एका शाळेची मुले पहिला, दुसरा, तिसरा, विसावा आणि एकतिसावा अशी आली. बेरीज झाली सत्तावन्न. दुसऱ्या शाळेची मुले सहावा, आठवा, नववा, दहावा आणि बारावा आली. बेरीज झाली पंचेचाळीस. पहिले तिन्ही क्रमांक मिळवूनही पहिली शाळा हरली! तिच्या मागच्या दोघा मुलांकडे कोणी लक्ष दिले नव्हते, एवढेच तिचे चुकले.

सहाव्या व सातव्या मुलाचे गुण बेरजेत धरीत नाहीत. परंतु ती मुले निरुपयोगी नसतात. समोरच्या शाळेच्या पाचव्या मुलाच्या आधी आपला सहावा पोहोचला, तर त्या पाचव्याचा क्रमांक एकाने खाली सरकतो आणि त्या शाळेची बेरीज वाढते. अमेरिकेतील शाळांत दोन संघांची बेरीज सारखी आली तर सहाव्या मुलाचा क्रमांक पाहून निकाल देतात. या शर्यतीचे जाणकार शिक्षक अंतिम रेषेपाशी पहिल्याचे कौतुक चालू असताना घाईने मागे पाहतात, ते आपला पाचवा कोठे आहे हे शोधण्यासाठी. पाचवीच्या वर्गास बेरीज शिकविताना हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. मुले हिशेबही करतील आणि वादही घालतील.

या पद्धतीचे फळ काय मिळू शकते हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या शालेय अजिंक्यपदाच्या इतिहासात दिसून येते. त्या राज्याची शालेय क्रीडा संघटना १९१४ साली स्थापन झाली. परंतु क्रॉस-कंट्रीच्या शर्यती कित्येक दशके विभागापुरत्याच होत राहिल्या. साऱ्या राज्याचे अजिंक्यपद ठरविणारी पहिली स्पर्धा १९८७ साली फ्रेस्नो शहरातील वुडवर्ड उद्यानात झाली. शर्यतीचे अंतर पाच किलोमीटर असते, आणि विद्यार्थिसंख्येप्रमाणे शाळांचे गट पाडलेले असतात, जेणेकरून लहान गावच्या शाळेला हजारो विद्यार्थ्यांच्या शाळेशी झुंजावे लागू नये. आपल्याकडेही असे गट पाडता आले तर किती बरे होईल.

त्या पहिल्याच स्पर्धेत आपल्या गटात विजयी झालेल्या मुलांच्या संघाचे गाव होते मॅकफार्लंड. सॅन वाकीन खोऱ्यातील हे लहानसे शेतकी गाव. द्राक्षे, बदाम, कापूस, संत्री ही तेथील पिके, आणि ती काढणारे मजूर बहुतांशी मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतील. शेजारच्या डिलेनो गावीच १९६५ साली द्राक्षमळ्यांतील मजुरांचा प्रसिद्ध संप सुरू झाला होता. संघातील मुले आईबापांबरोबर मळ्यात राबणारी होती. तेथील जिम व्हाइट या शिक्षकांनी १९८० साली शाळेत या शर्यतीचा संघ उभा केला. मुले शेतांच्या कडेच्या वाटांनी धावत आणि गुरुजी सायकलवरून त्यांच्यासोबत जात.

यावर २०१५ साली ‘मॅकफार्लंड, यूएसए’ नावाचा चित्रपट निघाला. चित्रपट रंजक आहे, पण त्यात एक फेरफार केला आहे. गुरुजी १९८७ साली गावात येतात आणि त्याच वर्षी विजय मिळवितात, असे त्यात दाखविले आहे. प्रत्यक्षात ते गावात त्यापूर्वी बरीच वर्षे शिकवीत होते आणि संघ उभा केल्यापासून राज्याच्या विजयापर्यंत सात वर्षे गेली. पडद्यावर सात वर्षांचे एक वर्ष करणे सोपे असते. शाळेच्या कामात तसे करता येत नाही. १९८७ पासून पुढील सुमारे पंधरा वर्षांत त्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद नऊ वेळा मिळविले. याहूनही मोलाची गोष्ट अशी की, त्या पहिल्या संघातील मुले पुढे महाविद्यालयांत गेली, आणि त्यांच्यापैकी काहीजण मॅकफार्लंडलाच परतून शिक्षक झाले.

मळ्यातील कष्टांमुळे ही मुले काटक झाली आणि म्हणून जिंकली, असे सहज बोलले जाते. हे बोलणे सावधपणे ऐकावे. कष्टांनीच धावपटू घडत असते तर त्या खोऱ्यातील प्रत्येक गावाने अजिंक्यपद मिळविले असते. पहाटे मळ्यात वाकून काम करून आलेले मूल प्रथम दमलेले असते. त्याला रोज ठराविक वेळी बोलावणारा, मागे पडले तर सायकल हळू करणारा आणि आज तू कालच्यापेक्षा लवकर आलास, हे वहीत लिहून ठेवणारा माणूस लागतो. हीच सावधगिरी आपल्याकडेही हवी. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी सुमारे सहा किलोमीटर चालत-धावत जात. पुढे ते सैन्यात गेले, २०१५ साली सैन्यातील क्रॉस-कंट्री स्पर्धांत उतरले आणि तेथून तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक, तर २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पण यावरून वाडीवस्तीवरील मुलांची पायपीट ही त्यांच्या हिताचीच आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. शाळा जवळ असावी हेच योग्य. त्या पायपिटीत ज्याचे पाय हलके पडतात तो मुलगा शिक्षकाच्या नजरेस पडावा, एवढेच.

या शर्यतीच्या इतिहासात एक काळी नोंदही आहे, आणि ती उन्हाळी महिन्यांत स्पर्धा घेणाऱ्यांनी विसरू नये. १९१२, १९२० आणि १९२४ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत क्रॉस-कंट्री होती. १९२४ साली पॅरिस येथे ती अतिशय कडक उन्हात झाली. अडतीस धावपटू निघाले. अंतिम रेषेपर्यंत पंधराच पोहोचले. फिनलंडचे पावो नूर्मी सहज जिंकले, पण वाटेत कित्येक जण कोसळले, आणि त्यानंतर ऑलिंपिकमधून ही शर्यत काढून टाकण्यात आली. जे जगातील निवडक धावपटूंना झेपले नाही, ते दहा वर्षांच्या मुलांकडून दुपारी बारा वाजता करवून घेणे हा अविचार होय. पाऊस ओसरल्यानंतरचे व थंडीचे महिने आणि सकाळची वेळ हीच योग्य. प्राथमिक शाळेतील मुलांना एक-दीड किलोमीटरची फेरी पुष्कळ आहे.

मार्ग आखावयास फारसे काही लागत नाही. गाडीवाट, पडीक रान, तळ्याचा बांध, ओढ्याचे कोरडे पात्र यांतून फेरी ठरवावी. ज्यांच्या शेतावरून वाट जाते त्यांना आधी भेटून विचारावे. पीक उभे असेल तर वाट बदलावी. श्रूजबरीच्या मुलांनी हे शिष्टाचार पाळले असतील असे वाटत नाही, पण आपल्याला गावातच राहावयाचे आहे. मार्ग आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावा आणि विहीर, खड्डा, काटेरी कुंपण असेल तेथून तो दूर वळवावा. कागदाच्या कपट्यांऐवजी झाडाला चिंधी किंवा दगडाला चुना पुरतो. एपिंगच्या जंगलातील फजिती टाळावयाची तर प्रत्येक वळणावर एक मोठा विद्यार्थी किंवा गावातील तरुण उभा करावा. अर्ध्या वाटेवर पाण्याची घागर ठेवावी. शाळा एकच असेल तर वाड्यांप्रमाणे संघ पाडता येतात. मुलामुलींचा एकत्र संघ करावयाचा झाल्यास दोघांचे क्रमांक वेगळे मोजून मग बेरीज करावी.

अंतिम रेषेच्या पुढे दोन दोर बांधून एका वेळी एकच मूल जाईल अशी अरुंद गल्ली करावी. गल्लीच्या टोकास उभ्या असलेल्या शिक्षकाने येईल त्या क्रमाने प्रत्येक मुलाच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी द्यावी. मुलांनी त्या आपापल्या संघनायकाकडे जमा कराव्यात आणि संघनायकांनी फळ्यावर सर्वांसमक्ष बेरीज मांडावी. शेवटचे मूल आत येऊन त्याच्या हातात चिठ्ठी पडेपर्यंत दोर सोडू नयेत आणि फळ्याजवळही कोणी जाऊ नये.