चौघीजणी रंगमंचावर येतात तेव्हा



आवडती कादंबरी नाटक होऊन समोर येते, तेव्हा वाचक प्रेक्षागृहात थोडा धास्तावूनच शिरतो. मनात जपलेली माणसे तिथे भेटतील, की त्यांचे नाव घेतलेली कोणी परकीच, ही ती धास्ती. लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीला या कसोटीतून पुनःपुन्हा जावे लागले आहे. १९१२ मध्ये मॅरियन डी फॉरेस्ट यांचे नाट्यरूपांतर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. १९९८ मध्ये मार्क अडॅमो यांनी ह्यूस्टन येथे तिच्यावरचा ऑपेरा सादर केला. २००५ मध्ये ती संगीतिका होऊन पुन्हा ब्रॉडवेवर गेली. मराठी वाचकांना ही कादंबरी शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे घरची झाली. तिचे नाटक करताना काय राखायचे आणि काय सोडायचे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर शांताबाईंनी दिलेल्या या शीर्षकातच आहे.

‘लिटल विमेन’ हा कादंबरीतील वडिलांचा लेकींविषयीचा शब्द आहे. त्यात माया आहे, तशी अपेक्षाही आहे. ‘चौघीजणी’ हा शब्द मात्र वडिलांच्या नजरेतून पाहत नाही. तो फक्त मोजतो: मेग, ज्यो, बेथ आणि एमी. चौघीही समान, एकही वगळता न येणारी. रूपांतरकाराने ध्यानात ठेवायचे ते हेच.

कादंबरीचे मूळ लेखिकेच्या घरात आहे. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावी ऑर्चर्ड हाऊसमध्ये, खोलीतल्या एका लहानशा मेजावर १८६८ साली तिचा पहिला भाग लिहिला गेला. मुलींसाठी पुस्तक लिहा, असा आग्रह प्रकाशक टॉमस नाइल्स यांचा होता. वडील ब्रॉन्सन अल्कॉट तत्त्वचिंतक. पैसा मात्र घरात टिकत नसे. लेखणीच्या जोरावर घर सावरले ते लुइझाने. थोरली अ‍ॅना म्हणजे मेग, १८५८ मध्ये वारलेली एलिझाबेथ म्हणजे बेथ, चित्रकार मे म्हणजे एमी, आणि ज्यो म्हणजे बव्हंशी स्वतः लुइझा.

नाटककाराची पहिली अडचण अशी, की या कथेत खलनायक नाही. नाटकाला संघर्ष हवा असतो; इथे आहेत नाताळची न्याहारी, शेजारचा लॉरी, आजारपण आणि लग्ने. अडॅमो यांच्या ऑपेराने यावर मार्मिक तोड काढली. त्यांच्या ज्योचा झगडा काळाशी आहे. बहिणी लग्न करून निघून जाणार, घर पूर्वीसारखे राहणार नाही, हेच तिला सोसत नाही. कादंबरी या दृष्टीने वाचली, की विखुरलेले प्रसंग एका सूत्रात येतात. मेगच्या लग्नावर ज्यो का रागावते, लॉरीच्या मागणीला ती नकार का देते, बेथच्या उशाशी ती कशाशी झुंजत असते, हे सारे एकाच ठिकाणाहून उमगते.

दुसरी अडचण ज्योच आहे. ती इतकी तेजस्वी आहे, की तिच्या प्रकाशात बाकीच्या तिघी पुसट होतात. आजच्या रंगभूमीला बंडखोर नायिका प्रिय. म्हणून मेगला भोळी संसारी, एमीला नटवी आणि बेथला केवळ मरण्यापुरती ठेवण्याचा मोह होतो. तिथेच नाटक फसते. रागाच्या भरात ज्योचे हस्तलिखित जाळणारी एमी पुढे चित्रकलेत स्वतःची कुवत प्रामाणिकपणे मोजते. एवढे धैर्य थोड्याच कलावंतांत असते. गरीब हमेल कुटुंबाच्या घरी जायला बाकीच्यांना सवड नसते, तेव्हा बेथ जाते आणि तिथूनच तिला ज्वर लागतो. तिचा आजार ही निव्वळ दैवगती नव्हे. तो तिच्या चांगुलपणाचा परिणाम आहे आणि इतरींच्या हलगर्जीपणाचाही. तिचे मरण अश्रूंच्या मोठ्या प्रवेशात दाखवण्याची गरज नाही. २००५ च्या संगीतिकेत समुद्रकिनारी ज्योसह पतंग उडवत बेथ निरोपाचे गाणे गाते. एवढे पुरते.

तिसरा प्रश्न शेवटाचा. पहिला भाग गाजल्यावर वाचक मुलींची पत्रे आली: ज्योचे लग्न लॉरीशी लावा. अल्कॉट यांनी ते ठामपणे नाकारले. १८६९ च्या दुसऱ्या भागात लॉरी एमीचा झाला आणि ज्योला प्राध्यापक भेअर मिळाले. लेखिका स्वतः अविवाहित राहिली. २०१९ च्या चित्रपटात ग्रेटा गर्विग यांनी ज्योचे लग्न हा लेखिका आणि प्रकाशक यांच्यातील सौदाच करून दाखवला. नाटककाराने भेअर ठेवावेत वा गाळावेत, तो त्याचा अधिकार. निर्णय मात्र ज्योचा वाटला पाहिजे. आणि मेगने संसार निवडला तो पराभव ठरता कामा नये. चौघींच्या चार वाटांना सारखाच मान देणे, ही या कथेची आधुनिकता.

राहिला मंच. कादंबरीच्या आरंभीच या बहिणी घरात नाटक करतात. पुरुषपात्रे ज्यो वठवते, बदामी बूट घालून. नायिकेचे वस्त्र अडकून बुरूज कोसळतो आणि प्रेक्षक मुली ज्या घडीच्या पलंगावर बसलेल्या असतात, तो ऐन टाळ्यांत मिटतो. अल्कॉट भगिनींनी खरोखरच अशी नाटके लिहिली आणि केली. ती १८९३ मध्ये पुस्तकरूपानेही आली. म्हणजे या कथेला महागड्या नेपथ्याची ओढ नाही. एक पेटी, एक पियानो, चार खुर्च्या, जुन्या कपड्यांचे गाठोडे एवढ्यावर ती उभी राहते. साधनांची उणीव ही तिची खरी जागा आहे. म्हणूनच ती शाळांच्या रंगमंचाला शोभते.

मराठीत ती करताना नाताळची दिवाळी करण्याचे कारण नाही. कॉन्कॉर्डचे बर्फ आणि रणांगणावर गेलेले वडील तसेच राहू द्यावेत. मराठी व्हायचे ते चौघींचे बोलणे. ज्यो मेगला ‘ताई’ म्हणेल की नावानेच हाक मारील? आईला ‘अगं’ की ‘अहो’? एमीची रुसवेफुगवे, चिडवाचिडवी, मध्यरात्रीची कुजबुज कोणत्या मराठीत होईल? महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलींना पाठ्यपुस्तकातून निबंधाची मराठी मिळते. बाजारात आणि बसमध्ये दुसरीच भाषा असते. भांडायची, समजूत काढायची, लाडात यायची मराठी उरते ती घरात, आणि आताशा तिथेही ती आक्रसत चालली आहे. तालमीत दोन महिने बहिणी म्हणून भांडलेल्या चार मुलींच्या तोंडी ती पुन्हा रुळते. असा लाभ व्याकरणाच्या तासाला होत नाही.

एक सूचना प्रत्येक दिग्दर्शकाने मनाशी ठेवावी. बेथ गेल्यानंतरही तिची खुर्ची मंचावरून हलवू नये. इतर तिघी तिला वळसा घालून वावरतील आणि कोणी काही न बोलताही प्रेक्षक मनात चारपर्यंत मोजेल.