आरमारातील निरोप्या नौका

समुद्रापासून दूर या कोठीत आरमाराचा विषय काहींस परका वाटेल. निरोप व रसद वाहणाऱ्या लहान नौकांवाचून मोठी जहाजे आंधळी आणि उपाशी राहत. युरोपात अशा जलद नौकांना ‘अव्हिसो’ म्हणत; आपल्याकडे गलबते, मचवे, होडकी ही कामे करीत.

१६७९ मध्ये शिवछत्रपतींनी मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. वारा पडला की त्यांची शिडांची जहाजे जागीच खिळत. वल्ह्यांची मराठी होडकी मात्र रात्री थळच्या किनाऱ्याकडून उथळ पाण्यातून निसटत व माणसे, शिधा, दारूगोळा बेटावर उतरवीत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली खरी. पण रसद तुटली नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाकेबंदी उठविली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिले.