कचेरीतील छापखाना : यंत्र निवडण्यापूर्वी

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय तसा रूक्ष आहे. छपाईचे यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न भांडार शाखेचा, त्याच्याशी आपला काय संबंध, असे येथे बसलेल्या कित्येकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रामसभेची नोटीस, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका, पाणीपट्टीची मागणी बिले, लसीकरणाचे पत्रक ही सारी ज्या एका खोलीतून बाहेर पडतात, तेथील यंत्र ऐन वेळी बंद पडले तर नोटीस सभा आटोपल्यावर गावात पोहोचते आणि चौथीतल्या मुलाला प्रश्न फळ्यावरून उतरवून घ्यावे लागतात. तेव्हा या खरेदीचे बरेवाईट परिणाम भांडारपालापेक्षा आपल्यालाच अधिक भोगावे लागतात.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या मंडळींना सायक्लोस्टाइलचा जमाना आठवत असेल. मेणकागदाचा स्टेन्सिल, फीत बाजूला सारून त्यावर उमटविलेली टंकलिखित अक्षरे आणि दिवसभर हाताला राहणारी काळी शाई! डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ च्या सुमारास रूढ केलेल्या त्या पद्धतीवर आपल्या कचेऱ्यांनी अनेक दशके काढली. पुढे चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया येथे कोरड्या भुकटीच्या साहाय्याने पहिली प्रतिमा उमटविली, १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आले, आणि कंपनीचे नाव आपल्याकडे क्रियेचेच नाव होऊन बसले. या दोन्ही परंपरा आजही जिवंत आहेत, आणि आपल्याला निवड करावयाची आहे ती मुख्यतः त्यांच्या वंशजांमधून.

प्रथम मोजणी

यंत्राची माहितीपत्रके मागविण्यापूर्वी एक साधी नोंदवही घालावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. किमान तीन महिने, आणि त्यात परीक्षेचा किंवा मार्चअखेरचा एक तरी महिना येईल अशा बेताने, छापलेल्या प्रत्येक कामाची नोंद तीत व्हावी. मूळ पाने किती, प्रत्येकाच्या प्रती किती, आकार कोणता, एका बाजूस की दोन्ही बाजूंस, रंग खरोखरच आवश्यक होता काय, आणि काम कधी मागितले व कधी मिळाले, एवढे रकाने पुरेत.

यातील 'मूळ पाने किती आणि प्रती किती' हे दोन रकाने मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. चाळीस पानांचा अहवाल वीस सदस्यांसाठी काढला तर आठशे छापे होतात. एका पानाची प्रश्नपत्रिका आठशे मुलांसाठी काढली तरीही आठशेच. महिन्याच्या बेरजेत दोहोंत काही फरक दिसत नाही. तथापि ही दोन कामे दोन निरनिराळ्या यंत्रांची आहेत, आणि केवळ बेरीज पाहून खरेदी केल्यामुळे चुकीच्या यंत्रावर चुकीचे काम रेटले जाते.

एका पानाच्या शेकडो प्रती काढण्यासाठी डिजिटल ड्युप्लिकेटर, ज्याला बाजारात सरसकट 'रिसो' म्हणतात, हे यंत्र उत्तम. हा सायक्लोस्टाइलचाच सुधारलेला नातू होय. मूळ पानावरून यंत्र स्वतःच एक मास्टर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा, तयार करते, तो शाईच्या ड्रमवर गुंडाळते आणि मिनिटाला शंभराहून अधिक प्रती झरझर काढते. छापताना कागद तापवावा लागत नसल्याने वीज अगदी बेताची लागते. खर्चाचा मुख्य भाग मास्टरचा असतो. तो एकदा झाला की पुढच्या प्रती स्वस्त पडतात. समजा, मास्टरला ४५ रुपये व नंतर प्रतीमागे १५ पैसे लागले, आणि टोनरच्या यंत्रावर प्रतीमागे ४५ पैसे, तर १५० प्रतींपुढे ड्युप्लिकेटर स्वस्त. (आकडे हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत, आपण आपल्या निविदेतील दर घालून पाहावेत.) मात्र त्याची शाई काही वेळ ओली राहते, गुळगुळीत चकचकीत कागद त्याला मानवत नाही, दुसऱ्या रंगासाठी वेगळा ड्रम लागतो आणि छायाचित्रे यथातथाच येतात.

अहवाल, प्रशिक्षण पुस्तिका, अंदाजपत्रक अशी अनेक पानांची व मोजक्या प्रतींची कामे टोनरच्या यंत्राची. येथे कचेरीतले साधे यंत्र आणि 'लाइट प्रॉडक्शन' वर्गातले यंत्र यांतील भेद ओळखला पाहिजे. दुसरे अधिक दणकट असते, तासन्‌तास चालण्यासाठी बांधलेले असते, ३२० × ४५० मिलिमीटरपर्यंतचा कागद व मुखपृष्ठाचा अडीचशे-तीनशे ग्रॅम वजनाचा जाड कागद सहसा घेते, आणि त्याला घडी घालून मध्ये पिना मारणारे जोडयंत्र लावता येते. पुस्तिका मधोमध पिनांची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते, हे मजकूर लिहिणाऱ्यांनीही ध्यानात ठेवलेले बरे; शेवटची दोन पाने कोरी का गेली, अशी विचारणा मग येत नाही.

माहितीपत्रकातील आकडे

मिनिटाला ८० पाने असे लिहिलेले असते ते ए-४ आकाराच्या साध्या कागदाचे. ए-३ कागदावर हा वेग निम्म्याच्या आसपास येतो आणि जाड कागदावर आणखी उतरतो. त्याहून फसवा आकडा 'महत्तम मासिक क्षमते'चा. यंत्र एखाद्या महिन्यात अगदी ताणले तर किती छापे सोसेल, एवढेच तो सांगतो. त्याच्याच शेजारी, बहुधा बारीक टाइपात, 'शिफारस केलेले मासिक काम' दिलेले असते आणि ते पुष्कळ कमी असते. आपल्या सर्वांत गर्दीच्या महिन्याचे काम या दुसऱ्या आकड्यात बसते काय, हे पाहावे.

किमतीविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपल्याकडील गफलत तेथेच होते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली की कर्तव्य पार पडले, अशी एक समजूत रुजली आहे. समजा, एका यंत्राची किंमत ३ लाख रुपये. टोनर, ड्रम, सुटे भाग व देखभाल धरून प्रत्येक छाप्याचा खर्च ९० पैसे. दुसऱ्याची किंमत ६ लाख, छाप्याचा खर्च ४५ पैसे. महिन्याला ४०,००० छापे असतील तर पाच वर्षांत २४ लाख छापे होतात. कागद वगळता पहिल्या यंत्रावर एकूण २४ लाख ६० हजार रुपये जातात, तर दुसऱ्यावर १६ लाख ८० हजार. खरेदीच्या वेळी वाचविलेले तीन लाख सुमारे सतरा महिन्यांतच फिटतात आणि पुढे तोटाच. उलटपक्षी महिन्याला ५,००० छापेच असतील तर पहिल्याचा खर्च ५ लाख ७० हजार व दुसऱ्याचा ७ लाख ३५ हजार. म्हणजे तेथे लहान यंत्रच योग्य. लहान पंचायत समितीने जिल्ह्याच्या ठिकाणचे यंत्र पाहून हेवा करण्याचे कारण नाही. तात्पर्य, निविदेतच पाच वर्षांचा एकूण खर्च मागवावा आणि तुलना त्यावर व्हावी, अशी अट आरंभीच नमूद असावी. शासकीय ई-बाजारपेठ, म्हणजे २०१६ मध्ये सुरू झालेले 'जेम', तिच्यावरून खरेदी करतानाही गरजेचे तपशील आपणच नीट भरावयाचे असतात.

देखभालीच्या करारात टोनर व ड्रम अंतर्भूत आहेत काय, ए-३ चा छापा एक धरणार की दोन, तंत्रज्ञ किती तासांत येणार, न आल्यास वजावट किती, आणि सुटे भाग किती वर्षे मिळणार, हे लेखी घ्यावे. तालुक्याच्या गावी तंत्रज्ञ शंभर किलोमीटरवरून येणार असेल, तर थोडे हळू चालणारे पण जवळ दुरुस्त होणारे यंत्र मी पसंत करीन.

देवनागरीची कसोटी

विक्रेता नमुना म्हणून रंगीत फुलांचे चित्र छापून दाखवितो. आपण मात्र आपला मजकूर न्यावा. दहा पॉइंटच्या टाइपात अनुस्वार शाबूत राहतो काय, 'रु' आणि 'रू' यांत भेद दिसतो काय, 'द्ध', 'द्व', 'ऱ्या' ही अक्षरे गच्च भरून येतात की मोकळी, हे पहिल्या प्रतीवर आणि पाचशेव्या प्रतीवर ताडून पाहावे. चष्म्याशिवाय वाचणाऱ्या आजोबांना आणि नुकत्याच अक्षरओळख झालेल्या मुलाला हा फरक फार जाणवतो. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि फॉन्ट समाविष्ट केलेल्या पीडीएफ स्वरूपातच यंत्राकडे जावा. अन्यथा पडद्यावर नीट दिसणारी जोडाक्षरे कागदावर सुटी होऊन पडतात.

जागेचा विचारही आधीच करावा. टोनर वितळविणारा भाग दोनशे अंशांच्या आसपास तापतो. तेवढा भार सोसणारी स्वतंत्र वायरिंग, योग्य अर्थिंग व खेळती हवा आवश्यक. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्याची कड वळते, आणि तो यंत्रात अडकला की दोष यंत्राला दिला जातो. रीम वेष्टनातच ठेवावे, जमिनीवर ठेवू नये, लागेल तेवढेच उघडावे.

एका बाबीकडे अद्याप फारसे लक्ष गेलेले नाही. अशा कित्येक यंत्रांत संगणकासारखी डिस्क असते आणि छापलेल्या पानांच्या प्रतिमा तीत राहू शकतात. २०१० मध्ये अमेरिकेतील एका वृत्तवाहिनीने जुनी यंत्रे विकत घेऊन त्यांतून पोलिसांची व रुग्णांची कागदपत्रे बाहेर काढून दाखविली होती. आपल्या यंत्रावर प्रश्नपत्रिका छापल्या जातात आणि आधार क्रमांकांसह लाभार्थींच्या याद्याही. म्हणून डिस्कवरील माहिती सांकेतिक स्वरूपात राहण्याची व आपोआप पुसली जाण्याची सोय यंत्रात असावी, आणि यंत्र निर्लेखित करताना डिस्क कचेरीच्याच ताब्यात राहील अशी अट करारात असावी.

सर्वच छपाई कचेरीत करण्याचा हव्यासही धरू नये. हजारो प्रतींचे रंगीत काम, बांधणीची जाड पुस्तके, क्रमांक घातलेल्या पावत्या ही ऑफसेट छापखान्याची किंवा शासकीय मुद्रणालयाची कामे. ती मुदत पाहून आधी पाठवावीत. आणि यंत्राबरोबर कागद कापण्याचे चांगले यंत्र व ते चालविणारी दोन शिकलेली माणसे यांची तरतूद करावी. दोन अशासाठी, की एक जण रजेवर गेला म्हणजे खोलीला कुलूप लागू नये.

ज्या कसोटी-पानाचा मी उल्लेख केला त्याचा एक नमुना, आणि नोंदवहीच्या रकान्यांचा एक तक्ता, बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना प्रत्येकाने एकेक प्रत घ्यावी. काही अडचण असल्यास ती आता विचारावी.